बिबट्या आत, माणूस बाहेर

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या ग्रामसभेचे दोन तास बिबट्याने खाल्ले. कराड तालुक्यातलं गाव, तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला डोंगर. एकाने ठराव मांडला, पिंजरे लावा, धरा आणि चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडा. दुसऱ्याचं म्हणणं, जंगलातच शेळ्या सोडा, म्हणजे तो खाली उतरणार नाही. तिसऱ्याला नसबंदी हवी होती, चौथ्याला बंदुकीचा परवाना. शेवटी पुण्यात नोकरीला असलेला, सुट्टीवर आलेला एक पोरगा उठला आणि म्हणाला, चूक बिबट्याची नाहीच, आपणच त्याच्या जंगलात घुसलोय. आठवड्यापूर्वी ज्याचं वासरू गेलं होतं त्याने त्याला खाली बसवलं. कसं, ते लिहीत नाही.

घरी येताना लक्षात आलं, की एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे हे पाचही जण एका बाबतीत एकमताचे होते. बिबट्याचं घर जंगल, माणसाचं घर गाव, आणि दोहोंच्या मध्ये एक रेघ. भांडण एवढंच, की रेघ ओलांडली कोणी. टीव्हीवरच्या चर्चा याच रेघेवर चालतात, ‘वाघ की माणूस’ असले मथळे याच रेघेवर उभे राहतात. पण ती रेघ मुळात आहे का?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही रेघ नकाशावर आहे, रानात नाही. ती रानात ओढायच्या हट्टापायी आपण गेली चाळीसेक वर्षं एकच धोरण राबवतोय, त्याचं नाव उचलबांगडी. बिबट्या रेघेबाहेर दिसला की उचलून आत टाकायचा, माणूस रेघेच्या आत दिसला की उचलून बाहेर टाकायचा. दोन्ही वेळा उचलणारा हात झटकून मोकळा होतो, आणि दोन्ही वेळा प्रश्न तिसऱ्याच कुणाच्या तरी दारात जाऊन बसतो. सह्याद्रीत वन्यजीव राखायचे असतील तर ते माणसांच्या शेजारीच राखावे लागतील, आणि या शेजाराचा अभ्यास गावाला बरोबर घेऊन करावा लागेल.

आधी बिबट्याचं बघू. आमच्याकडे आडसाली ऊस पावसाळ्यात लागतो आणि पंधरा-सोळा महिने, कधी त्याहून जास्त, रानात उभा राहतो. कृष्णा-कोयनेच्या काठाने मैलोन्‌मैल सलग. आत गच्च सावली, पाचटाची गादी, पाटाचं पाणी, रानडुकरं, आणि बांधावर मोकाट कुत्री. मादीचे दिवस तीन-साडेतीन महिन्यांत भरतात. म्हणजे एक ऊस तुटायच्या आत तिचं बाळंतपण होऊन पिल्लं तिच्यामागे हिंडायला लागलेली असतात. अशा फडात जन्मलेल्या जनावराला आपण ‘जंगलातून आलेला’ कोणत्या तोंडाने म्हणतो?

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत शेजारच्या रानात तोड चालू होती. टोळीतल्या एका बाईने पाचट बाजूला ओढलं तर खाली तीन पिल्लं. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. बाई ओरडली नाही. तिने कोयता खाली ठेवला आणि मुकादमाला हाक मारली. वनरक्षक आला, तोड थांबली. हात लावू नका, फोटो काढू नका, गर्दी करू नका, असं त्याने तीनदा बजावलं आणि तिन्ही वेळा फोटो निघालेच. अंधार पडायच्या आधी टोमॅटोच्या क्रेटमध्ये पाचट अंथरून पिल्लं नेमकी त्याच जागी ठेवली, वर दुसरा क्रेट उपडा घातला, जरा लांब कॅमेरा बांधला आणि सगळ्यांना घरी पिटाळलं. आई पावणेनऊला आली. कॅमेऱ्यात दिसतं ते असं, की ती क्रेटला एक चक्कर मारते, थांबते, पंजाने वरचा क्रेट ढकलून पाडते, एकाला मानेला धरते आणि अंधारात जाते. पंचवीस मिनिटांनी दुसऱ्यासाठी, मग तिसऱ्यासाठी. सकाळी टोळी परत त्याच फडात. कराड, पाटण, शिराळा भागात वनखातं आणि स्वयंसेवक ही भेट आता सरावाने घडवून आणतात. त्या रात्री आमच्या ठरावाप्रमाणे पिंजरा लावून मादी धरली असती, तर तीन पिल्लं आणि दूर कुठेतरी सोडलेली एक बिथरलेली मादी असे चार प्रश्न आम्ही एका रात्रीत तयार केले असते.

हळवेपणा बाजूला ठेवला तरी हिशेब तेच सांगतो. जुन्नर भागात 2001 ते 2003 या काळात बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा धडाका लागला होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, त्या काळात ते सतरावर गेले. हल्ल्यात जीव जाण्याचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर चढलं. कारण खेड्यातल्या माणसाला समजायला अवघड नाही. गावचा नेहमीचा बिबट्या वाटा, वेळा, कुत्री, माणसं सगळं ओळखून असतो. त्याला उचललं की त्याची जागा नवखा घेतो, आणि जिथे सोडला तिथे हा स्वतः नवखा होतो. बरं, सोडला तिथे राहतो तरी कुठे? 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका थोराड नराला गळ्यात कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव आजोबा ठेवलं होतं. आजोबा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत शेतं, गावं, रेल्वे, महामार्ग. कुणाला कळलंही नाही. रेघेवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी तो नव्हता.

आणि शेळ्या सोडायच्या कल्पनेबद्दल एवढंच, की अकोले तालुक्यातल्या शेतीच्या मुलखात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात त्यांच्या खाण्याचा 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि सगळ्यात मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या कुत्र्यांच्या कित्येक पट असूनही त्यांचा वाटा 11 टक्के, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रं उकिरड्यावर. बिबट्याला जेवायला घालतो तो आपला उकिरडा.

आता समोरची बाजू, आणि ती बळकट आहे. शिरूर तालुक्यात 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसं गेली. ज्या घरातलं पोर गेलं त्या घराला सरासरी, टक्केवारी, उकिरडा यातलं काही सांगायला जाऊ नये. ‘सहजीवन’ हा शब्द शहरातल्या सभागृहात बसून उच्चारायला फार सोपा आहे. किंमत मोजतो तो रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी पाजायला, जाणारा शेतकरी आणि शाळेला पायवाटेने जाणारी मुलगी. हे सगळं मी मान्य करतो. माणसावर उलटलेलं जनावर ओळख पटवून ताबडतोब काढलं पाहिजे, गरज पडली तर मारलं पाहिजे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याची तरतूद आहे आणि ती वापरायला उशीर करणं हा वन्यजीवांशीच केलेला दगा आहे, कारण त्या उशिराचा राग पुढे दहा निरुपद्रवी बिबट्यांवर निघतो.

पण ‘रात्री दारं धरायला’ हे शब्द पुन्हा वाचा. शेतकरी रात्री उसात का जातो? हौस म्हणून नाही. शेतीपंपाची थ्री-फेज वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येते म्हणून जातो. इथून तासाभराच्या अंतरावर 1,960 मेगावॉटचा कोयना प्रकल्प आहे, त्याला आपण महाराष्ट्राची जीवनरेखा म्हणतो, आणि त्याच खोऱ्यातला माणूस अंगठ्याएवढ्या बॅटरीच्या उजेडात बिबट्याच्या वेळेला पाणी पाजतो. स्वाभिमानी शेतकरी संघटनेने 2022 मध्ये कोल्हापुरात दिवसा विजेसाठी धरणं धरलं होतं. ती मागणी एखाद्या वन्यजीव संस्थेने आपली मानल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. माझ्या मते बिबट्याच्या प्रश्नावर अलीकडे झालेलं ते सगळ्यात कामाचं आंदोलन होतं, फक्त ते कुणी त्या नावाने ओळखलं नाही. पिंजरे, शेळ्या, नसबंदी यांवर जेवढं बोललं गेलं, त्याच्या दशांशाने तरी फीडरच्या, म्हणजे शेतीला वीज आणणाऱ्या वाहिनीच्या, वेळापत्रकावर बोललं गेलं का?

आता उचलबांगडीची दुसरी बाजू. कोयनेचं धरण झालं तेव्हा त्याच्या शिवसागर जलाशयाखाली गावंच्या गावं गेली. लोक पार ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत पांगले. जे पाण्याच्या वर सरकून राहिले त्यांच्या डोक्यावर 1985 मध्ये कोयना अभयारण्य आलं. त्याच वर्षी पलीकडे वारणेच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य झालं, 2004 मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि जानेवारी 2010 मध्ये दोन्ही मिळून सुमारे 1,165 चौरस किलोमीटरचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आधी पाण्यासाठी उठवलं, मग वाघासाठी. चांदोलीतून उठलेल्या लोकांना सांगली-कोल्हापूरच्या सखल भागात वसाहती मिळाल्या. जमिनीचे तुकडे, पाण्याची जोडणी, सातबाऱ्यावरचं नाव यासाठी श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली त्यांनी वर्षानुवर्षं ठिय्ये दिले. वारणाकाठच्या अशाच एका वसाहतीत मी गेलो होतो. पत्र्याचं घर, दारात तुळस, मागे चारही बाजूंना ऊस. ऐंशीच्या घरातली आजी सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरची. म्हणाली, “आमास्नी वाघासाठनं उठिवलं बाबा. सड्यावर जलम गेला, तितं कदी दारात आला न्हाई त्यो. हितं आल्यावं परड्यातनं शेरडू नेलं.” आणि हसली. मला हसता आलं नाही. तिला आत नको म्हणून बाहेर काढलं आणि ज्या बाहेरात आणून टाकलं ते आता बिबट्याचं आत झालेलं होतं.

इथे वन्यजीव अभ्यासक एक रास्त मुद्दा मांडतात. बिबट्या उसात राहील, वाघ राहणार नाही. वाघिणीला पिल्लं वाढवायला सांबर-गव्यांनी भरलेलं, वर्दळ नसलेलं रान लागतं. गावं गेल्यावर चांदोलीच्या पडीक शेतांची कुरणं झाली, हे खरंच आहे. सह्याद्रीत आठ वाघ आणायला केंद्राची परवानगी मिळाली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्याहून पहिली वाघीण चांदोलीत उतरली. तिच्यासाठी शांत जागा हवी, यात वाद नाही. दुसरंही मान्य करतो, की सगळ्यांनाच तिथे राहायचं होतं असं नाही. पावसाळ्यात चार महिने जगाशी संबंध तुटणारी गावं, दवाखान्याला जायचं तर लाँच, आणि घरटी एक माणूस मुंबईत माथाडी. त्यातल्या कित्येकांना बाहेर यायचंच होतं. आणि गावकरी म्हणजे जन्मजात निसर्गरक्षक, हेही मी म्हणणार नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फासकीत बिबट्या अडकून मेलेला मी पाहिला आहे. फाल्गुन-चैत्रात डोंगराला वणवा लावणारा बाहेरून येत नाही. रिसॉर्टवाल्याला सडा विकणारं बोटही आपल्याच भावकीचं असतं.

मग रेघ ओढणारेच बरोबर नाहीत का? राजस्थानात भरतपूरला त्यांनी ती ओढून बघितली आहे. केवलादेव राष्ट्रीय उद्यानात म्हशी चरून पाणथळ बिघडते, असं ठरवून 1982 मध्ये चराई बंद केली. ठरवणारे साधेसुधे लोक नव्हते, सलीम अलींसारखा पक्षीतज्ज्ञ बंदीच्या बाजूने होता. गावांनी विरोध केला, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा त्या काळात तिथे दहा वर्षांचा अभ्यास चालू होता, त्यातून निष्कर्ष निघाला, की म्हशी गेल्यामुळे पाण्यात गवत माजलं, तळी कोंदली आणि पाणपक्ष्यांचंच नुकसान झालं. म्हशींचं काम काय होतं ते गुराख्यांना माहीत होतं. त्यांना विचारलं असतं तर माणसं जगली असती.

इतकं लांब तरी कशाला जायचं? साताऱ्यापासून 25 किलोमीटरवर कास आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास, कोयना, चांदोली, राधानगरी असे आपले चार तुकडे आहेत. फुलं वाचवायला कासवर जाळीचं कुंपण आलं आणि गुरं बाहेर राहिली. पर्यटकांचे पाय आवरायला कुंपणाचा उपयोग झालाच. पण सड्यावरची गेंद, सीतेची आसवं ही बोटभर उंचीची झाडं. त्यांना उजेड लागतो, आणि शतकानुशतकं गुरांच्या तोंडाने गवत खाली राहिलं म्हणून तो मिळत होता. चराई थांबल्यावर गवत वर चढलं, फुलं रोडावली, असं आसपासच्या गावांतली माणसं सांगायला लागली. पुढे अभ्यासकही तेच बोलू लागले आणि शेवटी जाळी काढली गेली. कास, एकीव, आटाळी, कुसुंबीच्या समित्या आज पठाराची राखण करतात. हे सगळं सुरळीत आहे असं नाही, सप्टेंबरातल्या रविवारी वर जाऊन बघा. पण जाळी लावण्याआधी गुराख्याशी एक सकाळ बोललं असतं तर ती लावायचा आणि काढायचा असा दोन्ही वेळचा खर्च वाचला असता.

कर्नाटकात बिळिगिरी रंगनच्या डोंगरात सोलिगा लोकांना 2011 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामुदायिक वनहक्क मिळाले. 2010 मध्ये तिथे 35 वाघ मोजले होते, 2014 मध्ये 68. हक्क दिले म्हणून वाघ वाढले असा दावा मी करणार नाही. माणसं आत राहिली तर वाघ संपतात, हा दावा मात्र तिथे टिकला नाही. उलट राजस्थानातलं सरिस्का बघा. अधिकृत संरक्षण, चौक्या, बंदूकधारी रक्षक, आणि 2005 मध्ये कळलं की एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी नेले. रेघ त्यांनाही दिसली नव्हती. 2006 च्या वनहक्क कायद्याने म्हणूनच अट घातली, की सहजीवन शक्यच नाही हे आधी सिद्ध करा, ग्रामसभेची मोकळी संमती घ्या, मग माणसं हलवा. चांदोलीची बहुतेक गावं उठली तेव्हा हा कायदा नव्हता. आता आहे, आणि त्यातला ‘सिद्ध करा’ हा शब्द सरकारच्या आधी अभ्यासकांना बांधतो.

स्थलांतराच्या सरसकट विरोधात मी नाही. मध्य प्रदेशातल्या पन्नामधले वाघ संपल्यावर 2009 मध्ये तिथे बाहेरून वाघ आणले, आणि तो प्रयोग जमला. पण तोही कसा जमला? पेंचहून आणलेला नर महिनाभरात माहेरच्या दिशेने निघाला. चारशेहून जास्त किलोमीटर गावांमधून चालला, माणसं त्याच्या मागावर दिवसरात्र राहिली, आणि परत आणून बसवला. वाटेतल्या गावांनी त्याला जाऊ दिलं, म्हणून ती गोष्ट सांगता येते. चांदोलीत उतरलेली वाघीण उद्या रेघ ओलांडून शिराळ्याच्या किंवा पाटणच्या शिवारात आली, तर तिला कोण जाऊ देणार? ज्यांच्या पुनर्वसनाच्या फायली अजून टेबलावर आहेत तेच. वाघिणीसाठी खर्च करायच्या आधी त्या फायली निकाली काढणं हा मला वाघ वाचवण्याचाच खर्च वाटतो.

आणि तेवढ्यात सरकारचा दुसरा हात काय करतोय? ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचं थंड हवेचं ठिकाण. सातारा, पाटण, जावळीतल्या 235 गावांपासून हा आराखडा सुरू झाला, पुढे त्यात आणखी गावं घातली. वाघासाठी माणूस नको, पण पर्यटक हवा? गुराख्याच्या चार म्हशींनी ज्या रानाची शांतता मोडत होती, ती स्विमिंग पूलने मोडत नाही? हे विचारायचं धाडस जेवढ्या मोठ्या आवाजात गावकऱ्यांनी केलं, तेवढ्या आवाजात वन्यजीवप्रेमींनी करायला हवं होतं.

राहता राहिला अभ्यास. दर मोसमाला पोरं-पोरी येतात, कॅमेरे बांधतात, विष्ठा गोळा करतात. चांगली असतात, कष्ट करतात. त्यांना वाट दाखवतो तो आमच्याकडचा कुणीतरी गुराखी. कोणत्या दांडावर गवे पाणी पितात, कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची, टोळी कुठून वळते, हे त्याच्या डोक्यात असतं. दोन वर्षांनी एक इंग्रजी निबंध छापून येतो, त्यात त्याचं नाव नसतं आणि निष्कर्ष ग्रामसभेत कधी वाचला जात नाही. तो मराठीत, दोन पानांत, चावडीवर वाचा. चुकलेलं लोक तिथल्या तिथे सांगतील. आमच्या ग्रामसभेत जुन्नरचे आकडे कुणाला माहीत असते, तर पिंजऱ्याचा ठराव निदान दोन तास तरी टिकला नसता.

भरपाईचंही तेच. माणूस गेला तर 25 लाख, हे कागदावर चांगलं आहे. पण वासरू गेलेल्या माणसाला 48 तासांत कळवा, पंचनामा करा, पशुवैद्यकाचा दाखला आणा, मग वाट बघा, असं सगळं करताना चार दिवसांची मजुरी बुडते. तो पुढच्या वेळी कळवत नाही, मेलेल्या जनावरावर औषध टाकतो. एक बिबट्या मरतो आणि कुणालाच कळत नाही, कॅमेऱ्यालाही नाही.

ठराव शेवटी मंजूर झाला. ‘पिंजरे लावून बिबट्याचा कायमचा बंदोबस्त करावा.’ मी विरोधात हात वर केला, माझ्याबरोबर ज्याने पिल्लं ठेवली तो वनरक्षक असता तर दोन झाले असते, पण त्याला मताचा अधिकार नाही. ग्रामसेवकाने खाली एक ओळ जोडायला मात्र हरकत घेतली नाही, शेतीची वीज दिवसा मिळावी. ठरावाची प्रत वनखात्याला गेली, वीज कंपनीला गेली की नाही ते मी अजून विचारतोय.

या आठवड्यात आमच्या फीडरला वीज रात्री साडेदहाला येते. पुतण्या आत्ताच काठी आणि बॅटरी घेऊन निघाला. खिशातल्या मोबाईलवर गाणी मोठ्याने लावली आहेत, कारण वनरक्षकाने तसं सांगितलंय. उसाच्या आत शिरेपर्यंत ऐकू येत होती.